मोडलेला घोटा आणि जोडीचा कोयता

मित्रहो, आज दुपारी माझे सारे शिक्षण अपुरे पडले, म्हणून तुमच्याकडे मदत मागते आहे.

ढोकीतल्या माझ्या दवाखान्यात ऊसतोड करणारी एक बाई नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत आली. फडात पाय मुरगळल्यापासून ती घोटा गरम तेलाने चोळून, वर फडके आवळून, उसाच्या मोळ्या वाहत होती. एक्स-रेमध्ये हाडाला स्पष्ट चीर दिसली.

मी कागदावर घोट्याचे चित्र काढले. चोळल्याने आणि वजन पडल्याने चीर कशी वाढते, प्लास्टरमध्ये ती कशी जुळून येते, हे मी उत्साहाने समजावले.

नवरा म्हणाला, "मॅडम, नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. ही बसली तर मुकादम दोघांनाबी टोळीतून काढतोय."

ती हसली. "तुमी लई चांगलं समजावता. तेवढं मुकादमाला समजावा की!"

आणि प्लास्टर न घालताच ती लंगडत फडाकडे गेली.

पाय कायमचा अधू होण्याआधी हे थांबायला हवे. उद्या सकाळी तेच चित्र घेऊन मी फडावर जाणार आहे. मुकादम ज्यांचे ऐकेल, असे ढोकीतले कोणी माझ्यासोबत याल का?