आवतणाची हलगी

हलगी वाजवण्यापूर्वी गेनूभाऊ ती गालाला लावीत. डोळे मिटून, झोपलेल्या लेकराचा ताप पाहावा तशी. कातडे सादळले आहे की ताणलेले आहे, याचा निर्णय बोटांवर सोपवायला ते तयार नसत. "बोटं निबर झाली, मास्तर. गालाला कळतं. कातडं लबाड बोलत न्हाई," असे म्हणून ते हलगी उतरवीत आणि अंगणातले चगाळ गोळा करून जाळ करीत. वाळका पाला, तुरीच्या काटक्या, चिपाडे, जे हाताला लागेल ते. त्या जाळावर हलगी फिरवीत ती टणत्कारू लागेपर्यंत शेकणे हा त्यांच्या वादनाचाच पहिला भाग होता.

त्यांच्या पत्नी पारूबाई हा सोहळा पाहत उंबऱ्यात बसलेल्या असत. "एवढा गाल कवा आमच्याकडं न्हाई आला," असे त्या मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणत.

"तू कुटं सादळतीस? तू बारा म्हैने तापल्याली," गेनूभाऊ जाळावरची नजर न काढता उत्तर देत.

कर्जतच्या पुढे, फाट्यावरून बरेच आत चालत जावे लागे अशा गावाच्या कडेला मातंग समाजाची वस्ती होती. तेथे गेनूभाऊंचे घर. लग्नाची वरात, देवाची जत्रा, कुस्त्यांचा फड, कोणाची प्रेतयात्रा, गावात काहीही असले की पुढे हलगी त्यांच्या घराण्याने वाजवायची, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. त्याबद्दल सुगीला धान्य मिळे आणि जेवणावळी आटोपल्यावर उरलेले अन्न. त्यांचा मुलगा विलास नगरला आमच्या महाविद्यालयात शिकत होता आणि वसतिगृहात राहत होता. मी तेथे इंग्रजी शिकवीत असे. विलासमुळेच माझी आणि गेनूभाऊंची ओळख झाली.

विलासला वडिलांची हलगी सहन होत नसे. "नाना, ही कला नाही, वेठ आहे," असे तो स्पष्ट सांगे. मला त्या दोघांच्या मधे बोलण्याचे धैर्य कधी झाले नाही, आणि खरे तर कोणाची बाजू घ्यावी हेही कळले नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी हंगेरीतील एका लहान गावात निरनिराळ्या देशांतील लोकवादकांचा मेळावा भरणार होता. पुण्याच्या एका संशोधकांनी जत्रेत गेनूभाऊंना ऐकले होते. त्यांनी नाव सुचवले आणि सरकारी पातळीवर ते मान्यही झाले. दुभाष्या म्हणून जो गृहस्थ जाणार होता तो ऐनवेळी आजारी पडला, आणि इंग्रजी येते एवढ्या एका गुणावर माझी नेमणूक झाली. मी त्यापूर्वी मुंबईच्या पलीकडे पाऊल टाकलेले नव्हते. नाही म्हणणेही मला जमत नसे.

गावात ही बातमी चेष्टेचा विषय झाली. "गेन्या, इमानात मांडी घालून बसू नगं, खाली पडशील," असे पाटलांनी चावडीवरून ओरडून सांगितले. विलास मात्र हसला नाही. निघायच्या दिवशी तो नगरच्या स्टँडवर आला आणि म्हणाला, "नाना, तिथंही तुम्हाला बाहेरच उभं करतील. लांबून वाजवायला लावतील आणि लांबूनच टाळ्या देतील."

गेनूभाऊ म्हणाले, "बगून तर येतो. तितंबी भायेर हुबं केलं, तर आल्यावर ही हलगी तुज्या हातानं चुलीत घाल. मी आडवा येनार न्हाई. ह्यो माजा सबूद."

प्रवासभर ते शब्द माझ्या मनावर ओझ्यासारखे होते. एका माणसाच्या साऱ्या आयुष्याचा निकाल परक्या मुलखातील अनोळखी माणसांच्या वागणुकीवर टांगलेला होता, आणि गेनूभाऊ व ती माणसे यांच्या मधला एकमेव दुवा मी होतो, ज्याला चारचौघांत पाणी मागायचाही संकोच वाटे.

विमान, मधल्या एका विमानतळावरची लाकडी बाकावरची बैठक, पुन्हा विमान, मग मोटारीचा लांबलचक रस्ता. पारूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली हलगी गेनूभाऊंनी सबंध वाटेत छातीशी धरून ठेवली. विमानातले जेवण त्यांनी चाखून बाजूला सारले आणि फडक्यातली भाकरी काढली. ती वाळून कडक झाली होती. "दात शिनले," एवढेच ते म्हणाले. सकाळी आम्ही मुक्कामी पोचलो तेव्हा माझे पाय बुटात मावत नव्हते. बाहेर धुके होते, आणि त्या धुक्याला एक ओलसर, जुन्या विहिरीसारखा वास होता.

उतरण्याची व्यवस्था एका जुन्या शाळेत होती. दुपारी तिच्या सभागृहात सर्वांनी एकमेकांना भेटायचे आणि ओळखीदाखल प्रत्येकाने थोडेसे वाजवायचे, असे मेळाव्याच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितले. त्या भराभर इंग्रजी बोलत होत्या. मी निम्मे समजून मान डोलावत होतो. आम्हाला दिलेल्या खोलीतल्या खाटेवर पडून डोळे मिटावेत, यापलीकडे मला त्या क्षणी जगाकडून काही नको होते. गेनूभाऊ खाटेवर न बसता खाली जमिनीवर बसले. त्यांनी लुगडे सोडले, हलगी गालाला लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"मेलंय," ते म्हणाले. मग काडीने एक टोला दिला. ओल्या पोत्यावर मारावा तसा आवाज आला. "मास्तर, चगाळ बगा कुटं."

खोलीत भिंतीला लावलेले लोखंडी नळ होते, पण थंडीचा हंगाम अजून सुरू न झाल्यामुळे ते गरम केलेले नव्हते. विस्तवाबद्दल कोणाला तरी विचारायला हवे होते. मी "विचारतो" म्हणालो आणि व्यवस्थापक बाईंच्या दारापर्यंत जाऊन आत बरीच मंडळी दिसल्यामुळे बाहेरच थांबलो. त्या रिकाम्या होतील, मग विचारू, असा माझा विचार होता.

तेवढ्यात मागच्या अंगणातून आरडाओरड ऐकू आली. मी धावलो. अंगणातल्या मोठ्या झाडाखाली वाळकी पाने पडली होती. गेनूभाऊंनी ती रीतसर गोळा करून, विडीच्या काड्यापेटीने पेटवली होती, आणि उकिडवे बसून हलगी शेकत होते. आपल्याकडे कोणत्याही अंगणात जे करावे तेच ते करीत होते. शाळेचा पहारेकरी त्या जाळावर बूट आपटीत, मोठमोठ्याने ओरडत होता. शाळेच्या आवारात कोणी उठून शेकोटी पेटवतो, हे त्याच्या कल्पनेत बसत नसावे. त्याची भाषा आम्हा दोघांनाही येत नव्हती, पण गेनूभाऊंना ती कळली असावी. ते उठले, हात जोडले, मान खाली घातली आणि मागे मागे सरकत भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"चुकलं, मालक," ते मराठीत म्हणाले.

पहारेकरी निघून गेला. गेनूभाऊ पायरीवर बसले आणि हलगी लुगड्यात गुंडाळू लागले. घडी नीट बसेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "चला मास्तर. हितंबी तेच. माजा इल्या खरं बोलला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एवढा थकलेला आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. मी त्यांच्याशेजारी नुसता बसून राहिलो.

भरतकामाची टोपी घातलेला एक म्हातारा हे सारे खिडकीतून पाहत असावा. तो ताश्कंदकडून आलेला डफवादक होता, हे आम्हाला नंतर कळले. तो सावकाश पायऱ्या उतरून आला. त्याने न विचारता लुगड्याची घडी बाजूला केली, कातड्यावर टिचकी मारली आणि तोंड वाकडे केले. मग स्वतःच्या काखेतला डफ पुढे करून त्याच्यावरही टिचकी मारली. तोही तसाच मेलेला. तो हसला. त्याच्या पुढच्या दातांपैकी थोडेच शिल्लक होते. त्याने गेनूभाऊंची बाही धरली आणि त्यांना इमारतीच्या मागे ओढीत नेले. मी मागोमाग गेलो.

मागे स्वयंपाकघर होते. दार उघडताच उबेचा झोत अंगावर आला. आत एक धिप्पाड बाई भल्यामोठ्या चुलीपाशी रस्सा ढवळीत होती, बाकीच्या बटाटे सोलीत होत्या. म्हातारा सरळ आत गेला आणि डफ शेकू लागला. गेनूभाऊ उंबऱ्याबाहेर थांबले. त्यांनी हलगी दोन्ही हातांनी, हात पुरतील तितकी आत धरली. पाय बाहेरच होते.

"मास्तर, त्यानला म्हना, तेवढी शेकून द्या. मी हितंच हाय."

आत अन्न शिजत होते. उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या चुलीपाशी ते कधी गेलेले नव्हते. त्यांच्या गावात निखारे मागितले तर ते खापरात घालून, अंगणात लांब ठेवून मिळत. मी दारात उभा राहून योग्य इंग्रजी वाक्य जुळवीत होतो. ते जुळण्यापूर्वीच ती बाई वळली. तिने बाहेर उभा असलेला माणूस पाहिला, सताड उघडे दार पाहिले, आणि काहीतरी तडकून बोलली. मग हातातला डाव न ठेवताच ती तरातरा आली, गेनूभाऊंच्या दंडाला धरून तिने त्यांना आत खेचले, मलाही खेचले, आणि पायाने दार धाडकन लावून घेतले. पुन्हा जाऊन रस्सा ढवळू लागली. तिने आमच्याकडे वळूनही पाहिले नाही.

गेनूभाऊ स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. कोणी काही म्हणत नाही, हे पाहून ते थोडे पुढे सरकले. मग आणखी थोडे. चुलीच्या आचेवर त्यांनी हलगी धरली, आणि फिरवण्याची लय चुकली नाही.

"काय वरडली वो ती?" त्यांनी बऱ्याच वेळाने विचारले.

बटाटे सोलणाऱ्या एका मुलीला थोडे इंग्रजी येत होते. तिला विचारून मी सांगितले, "दार उघडं ठेवल्यामुळे थंडी आत येते, म्हणून चिडली होती."

"आनि?"

"आणि काही नाही. एवढंच."

गेनूभाऊंनी ते मनाशी घोळवले. "माजी दया आली न्हाई तिला," ते म्हणाले. "तिला फकस्त गार वारं नगं हुतं." आणि हलगी फिरवीत, "मास्तर, मला हेच लई आवडलं बगा."

दुपारी सभागृहात त्यांनी वाजवले. ते अद्भुत होते असे मी लिहू शकलो असतो, पण तसे नव्हते. हात प्रवासाने जड झाले होते, एका ठिकाणी ठेकाही घसरला. त्यांनी लवकरच थांबून मला सांगितले, "म्हना, आज येवडंच. शिनलोय. बाकीचं उद्या." मी ते इंग्रजीत सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. सगळेच दमलेले होते. जेवताना आपली जागा कोणती, असे त्यांनी मला हळूच विचारले, आणि मिळेल त्या खुर्चीवर बसायचे असे कळल्यावर ते त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले.

परतल्यावर विलास स्टँडवर उभा होता. त्याने काही विचारण्यापूर्वीच गेनूभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दी हलगी. पन मला वाईच इचार करू दे."

त्या विचाराचे फळ चैत्रातल्या जत्रेत दिसले. रिवाजाप्रमाणे चावडीवरून हाक आली, "ए गेन्या, हलगी घिऊन ये रं!" गेनूभाऊ बाहेर आले आणि म्हणाले, "येतो की. पन घरी येऊन आवतन द्या. लग्नाचं देता तसं, नाव घिऊन. मग येतो." आधी लोक हसले. मग चिडले. परदेशात जाऊन माजला, असे बोलले गेले. सुगीचे धान्य बंद झाले. त्या वर्षी गावाने कर्जतहून बँड आणला, आणि पुढे तोच प्रघात पडला. दुष्काळात गेनूभाऊ आणि पारूबाई खडी फोडायला जात. पुण्याहून, नगरहून कोणी रीतसर बोलावले तर ते जाऊन वाजवीत. गावात मात्र त्यांची हलगी पुन्हा वाजली नाही. गंमत अशी की, ज्याला हलगी सहन होत नसे तो विलासच त्या काळात एकदा मला म्हणाला, "सर, नाना आता फारच थोडं वाजवतात."

काही वर्षांनी, एका पावसाळ्यानंतर, ते तापाने गेले. त्याच वर्षीच्या जत्रेच्या दिवशी मी त्यांना शेवटचा भेटलो. ते बाजेवर बसले होते. गावातून बँडचा आवाज येत होता.

"त्यांचं ढोल ढिलं हाय," ते म्हणाले. "शेकत न्हाईत लेकाचे."

वाईट वाटते का, असे मी धीर करून विचारले.

"वाटतं की. लई वाटतं. हात सुरसुरत्यात." ते थोडा वेळ ऐकत राहिले. "पन मास्तर, येकदा आवतनानं जेवल्याला मानूस पुन्यांदा हाकंवर उटत न्हाई. पायच उचलत न्हाई, त्याला मी काय करू?"

"पाय न्हाई उचलत," पारूबाई आतून म्हणाल्या, "पन आंगठा बगा कसा नाचाय लागलाय."

गेनूभाऊंनी खाली पाहिले. मग त्यांनी दुसरा पाय त्या अंगठ्यावर ठेवला.