एक भोक आत

एकाहत्तरची लढाई संपली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या सॅपर, म्हणजे फौजी इंजिनिअरांच्या, फील्ड कंपनीची एक प्लाटून धुळ्याला पाठवण्यात आली. काम साधं होतं. देवपूरच्या पलीकडे मोकळ्या माळावर स्टोअरच्या शेड बांधायच्या आणि परत यायचं. मी हवालदार होतो. माझं गाव यावल तालुक्यातलं, त्यामुळे पोस्टिंग घराजवळ मिळालं म्हणून मी खूश होतो. बाकीचे नव्हते. माळावर सावली नव्हती, पांझरा नदीला पाणी नव्हतं आणि वारा सुटला की ताटात माती यायची.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, सॅपर म्हणजे सुरुंग आणि पूल. आमचं अर्धं आयुष्य सिमेंटमध्ये जातं. खांब, म्हणजे कॉलम, उभा करायचा तर ओलं काँक्रीट धरून ठेवायला साचा लागतो. आधी आम्ही तो लाकडी फळ्यांचा करायचो. त्या वर्षी आमच्याकडे लोखंडी प्लेटांचा साचा आला. चार प्लेटा, आणि प्रत्येकीच्या कडेला भोकांची ओळ. बोल्ट बाहेरच्या भोकात घातला की खांब जाड होतो, आतल्या भोकात घातला की बारीक. बाहेरून क्लॅम्पचे पट्टे बसवायचे आणि लोखंडी पाचरी ठोकून आवळायचे. एकाच साच्यात हव्या त्या मापाचा खांब निघतो. चांगली वस्तू होती. मी आजही म्हणेन, चांगली वस्तू होती.

साच्याचं काम लान्स नायक सुपडू महाजनकडे होतं. रावेरकडचा गडी, बुटका, रुंद खांद्यांचा आणि तोंडाचा फाटका. त्याचे वडील रावेर स्टेशनवर केळीच्या वॅगन भरायचे. लंगरच्या डाळीपासून प्लाटून कमांडरच्या ऑर्डरपर्यंत सुपडूला सगळ्यात खोट दिसायची आणि दिसली की तो बोलायचा. त्यासाठी त्याला दोनदा एक्स्ट्रा ड्यूटी लागली होती. तिसऱ्यांदाही लागली असती, पण त्याने लावलेला साचा कधी फुगला नाही की गळला नाही, म्हणून आमचे प्लाटून कमांडर कॅप्टन बक्षी साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

सकाळी पी.टी., मग चहा, मग काम. ऊन चढलं की विश्रांती, उतरलं की पुन्हा काम. असे आठवडे गेले.

त्या दिवशी दुपारी आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. कलेक्टर कचेरीची जीप धुरळा उडवत कॅम्पात आली. जळगाव रोडला कापसाचं दुमजली गोडाऊन बांधत होते. वरच्या मजल्याचे खांब उभे राहत असताना मागची बाजू कोसळली होती. मजूर खाली सावलीला भाकरी खात बसले होते.

कॅप्टन साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. किती लांब? आत कोणी जिवंत आहे का? मग माझ्याकडे वळले.

"हवालदार, कितना टाइम?"

"गाडी तयार आहे, साहेब."

"चलो."

गोडाऊनचा मागचा भाग जमिनीला टेकला होता. पुढचा भाग चार खांबांवर उभा होता आणि चारही खांबांना तडे गेले होते. पडलेला आणि उभा भाग जिथे मिळत होते तिथे स्लॅब तिरका टेकला होता. त्याच्याखालून बाईचा आवाज आला, अहिराणीत.

"भाऊ, आम्ही दोन्हीजनी जित्या शेतस. पन मना पाय दबाई गया."

"अक्का, नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"जिजाबाई. ही मनी जाऊ शे, सखू. तिले बोलता येत नही, तोंडमा माटी गयी."

त्यांच्यापर्यंत जायचं तर उभ्या भागाखालूनच जावं लागणार होतं. कॅप्टन साहेब खांबांभोवती एकदा फिरले आणि म्हणाले, आधी हे चार आवळायचे, नाही तर आपणही आत राहू. आमचे क्लॅम्प आणि प्लेटा फुटक्या खांबाला बाहेरून चढवल्या आणि पाचरी ठोकल्या, तर तो काही वेळ दम धरतो. पण सामान कॅम्पात होतं. मी वायरलेसवर सुपडूला कॅम्पात पकडलं. वायरलेसवर कॅम्पचं नाव वन, आमचं टू.

"टू फॉर वन. सगळ्या प्लेटा, सगळे क्लॅम्प, जॅक, लाकडी स्लीपर. फौरन. ओव्हर."

"वन. कॉलमचं माप सांगा, बोल्ट लावूनच आणतो. ओव्हर."

मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारलं. तो तिथेच उभा होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन.

"पंधरा इंच," तो म्हणाला.

"नक्की?"

"नकाशात पंधराच आहे, साहेब."

मी वायरलेसवर पंधरा सांगितलं.

शेजारच्या दुकानाचे शेठ, वयस्कर मारवाडी गृहस्थ, स्वतःच्या ट्रकचे जॅक घेऊन आले आणि कोणी न सांगता त्यांनी दुकानातली पोती रिकामी करून वाळू भरायला दिली. रस्त्यावरचे लोक घमेली घेऊन रांगेत उभे राहिले. आणि त्याच वेळी ठेकेदाराची माणसं गोडाऊनच्या बाजूला पडलेल्या त्यांच्या साच्याच्या, आमच्यासारख्याच लोखंडी प्लेटा ट्रकमध्ये भरत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

सुपरवायझर म्हणाला, "भाड्याच्या आहेत साहेब. दुसऱ्या साइटवर जायच्यात."

खाली जिजाबाई पाणी मागत होती. मी ट्रकच्या ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि किल्ली खिशात टाकली. सुपरवायझर माझ्या मागे मागे फिरत होता आणि भाड्याचं सांगत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात उचलला गेला असता.

सुपडू आला. उतरता उतरता शिव्या देत होता, कोणाला ते त्यालाच ठाऊक. त्याने आणि मी पहिल्या खांबाला प्लेटा लावल्या आणि दोघंही थांबलो. प्लेटा खांबाभोवती सैल लोंबत होत्या. मधल्या फटीत माझी बोटं आरामात जात होती.

"हवालदारसाहेब, हा पंधरा नाही," सुपडू म्हणाला. "हा बाराचा आहे."

मी खाली पाहिलं. जमीन उखडली होती, त्यामुळे एरवी मुरमाखाली गाडलेला खांबाचा बुडखा उघडा पडला होता. बुडखा पंधरा इंचाचाच होता. तो सरकारी इंजिनिअरसमोर ओतला गेला असणार. त्याच्यावर, जिथून पुढे कोणी मोजायला येणार नाही तिथून, खांब एकदम बारीक झाला होता. प्लेटांचे बोल्ट आत सरकवून ओतलेला. सळया कडेला आल्या होत्या, त्यांच्यावर बोटभरही सिमेंट नव्हतं. मी नखाने खरवडलं तर वाळू हातात आली.

मी युद्धात मेलेली माणसं उचलली आहेत. उन्हात पडून राहिलेली, काळी पडलेली. तेव्हाही मला किळस आली नव्हती. त्या खांबाला हात लावला आणि तो हात मी पँटला पुसत राहिलो. चोरी पाहून नव्हे. चोर सगळीकडे असतात. आत बायका जिवंत आहेत हे माहीत असूनही त्या माणसाने मला पंधरा सांगितलं होतं, त्याची ती किळस होती. खरं बोलायला त्याला एक शब्द पुरला असता.

आता प्रत्येक साच्याचे सगळे बोल्ट काढून आतल्या भोकात घालायचे होते. चार खांब, प्रत्येकाला चार प्लेटा. सुपडू गुडघ्यावर बसला आणि कामाला लागला.

तीन खांब आवळून झाले. नायक शिंदे आणि दोन जवान पोटावर सरकत आत गेले. त्यांनी सखूला आधी काढलं. तिने बाहेर आल्यावर तोंडातली माती थुंकली आणि लगेच मागे वळून हात केला, जाऊ आत आहे म्हणून. तिला दोघांनी धरून बाजूला नेलं.

जिजाबाईच्या पायावरचा तुकडा उचलायला जॅक लावला. सुपडू चौथ्या खांबाशी होता. कोपऱ्यातला तो खांब सगळ्यात जास्त फुटला होता. दोन क्लॅम्प बसले होते, तिसरा बसत होता.

तेवढ्यात वरून ठोकण्याचा आवाज यायला लागला.

मला आधी वाटलं आमचाच कोणी आहे. मग आतून जिजाबाईचा आवाज आला.

"वर कोन ठोकी ऱ्हायनं, भाऊ? माटी पडी ऱ्हायनी."

मी बाहेर धावलो आणि वर पाहिलं. ठेकेदाराची दोन माणसं बाजूच्या शिडीने वरच्या मजल्यावर चढली होती. तिथे अजून काही खांबांना साचे लागलेले होते. ती घणाने त्या प्लेटा सोडवत होती. तेव्हा मला कळलं की भाड्याची घाई कुणाला नव्हती. त्या प्लेटांचे बोल्ट कोणत्या भोकात आहेत ते कोणी पाहायच्या आत त्या खाली उतरवायच्या होत्या.

मी ओरडलो. कॅप्टन साहेब ओरडले. दोन जवान शिडीकडे धावले. खालून सुपडूचा आवाज सगळ्यांच्या वर आला.

"अरे हरामखोरहो! खाली मानसं हायेत! बंद करा!"

"महाजन, बाहर आओ!" कॅप्टन साहेबांनी ऑर्डर दिली.

"एक पाचर राहिली, साहेब."

"बाहर!"

"बाई निघू द्या, साहेब."

मी त्याला तिसऱ्या क्लॅम्पवर हातोडा मारताना पाहिलं. दुसऱ्या बाजूने शिंदेने जिजाबाईला बगलेत धरून ओढलं आणि ती बाहेर आली. वरून आणखी एक घाव पडला. खांब क्लॅम्पच्या खाली फुटला, बुडख्याला मिळतो तिथेच. फार मोठा आवाज झाला नाही. कोपरा खाली आला.

बाकीचे तीन खांब उभे राहिले. आतले सगळे बाहेर आले. सुपडू नाही.

त्याला काढायला आम्हाला संध्याकाळ झाली. शेठनी आपल्या घरून पांढरं कापड आणून दिलं. पडलेल्या मागच्या भागातून इतर मजुरांची प्रेतं दुसऱ्या दिवशीपर्यंत निघत राहिली.

त्यानंतरचं सांगायला नको वाटतं, पण सांगतो. दुसऱ्या सकाळी ठेकेदार स्वतः आला. आदल्या दिवशी तो फिरकला नव्हता. त्याने पाहणीला आलेल्या साहेबलोकांपुढे सांगितलं, इमारत उभीच होती, मिलिटरीवाल्यांनी घण मारून कॉलम फोडला. गेलेला शिपाई अनाडी असेल. मी तिथे अटेन्शनमध्ये उभा होतो. कॅप्टन साहेबांनी सरकारी इंजिनिअरच्या हातात टेप दिली आणि बुडख्यापाशी बसवलं. इंजिनिअरने मोजलं. पुन्हा मोजलं. मग वर गेले. आमच्या जवानांनी ती दोन माणसं वेळेत खाली ओढली होती, त्यामुळे दोन साचे अजून जागेवर होते. बोल्ट आतल्या भोकात होते. इंजिनिअर खाली आला आणि त्याने सगळी मापं वहीत उतरवली.

सुपडूच्या नावावरचा तो डाग तिथे पुसला गेला. उरलेली इमारत पाडली. त्याच ठेकेदाराचं एका शाळेचं काम चालू होतं, तेही थांबवून तपासलं आणि तिथलेही खांब पाडले. एवढं झालं, ते चांगलं झालं. सुपरवायझर तुरुंगात गेला. ठेकेदार गेला नाही. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्याने काही पाहिलं नव्हतं, असं कोर्टात निघालं.

काही महिन्यांनी जळगावला नागरिकांतर्फे आमच्या प्लाटूनचा सत्कार ठरला. मी फुल ड्रेसमध्ये स्टेजवर चढलो. समोर नारळ आणि शाल घेऊन जो उभा होता, तो तोच ठेकेदार. कार्यक्रमाला त्याने मदत केली होती म्हणे. तो माझ्याकडे पाहून हसला आणि शाल उलगडली. त्याच्या हाताला अत्तराचा वास होता. मला पुन्हा ती वाळू नखात आल्यासारखी वाटली.

मी कॅप्टन साहेबांकडे वळलो. "साहेब, इजाजत?"

ते म्हणाले, "जाओ."

मी स्टेजवरून उतरलो आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेलो. मागे माइकवर कोणीतरी म्हणालं, फौजी माणूस आहे, लाजतो. लोक हसले. टाळ्याही वाजल्या. ठेकेदाराने ती शाल दुसऱ्या कोणाला तरी घातली असेल. त्यानंतर शिंदे उठला, मग बाकीचे उठले. कॅप्टन साहेब सगळ्यांत शेवटी आले आणि गाडीत पुढे बसले.

सुपडूला मेडल मिळालं नाही. तो लढाईत मेला नव्हता. जिजाबाईचा पाय वाचला, पण ती लंगडत चालायची. ती पुन्हा बांधकामावर गेली नाही.

सुपडूची ट्रंक त्याच्या घरी पोचवायला मला पाठवलं होतं. कोपरा कोसळला त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. रावेरला उतरलो तर स्टेशनवर वॅगन भरणं चालू होतं. त्याचे वडील कोण ते विचारावं लागलं नाही, तसेच खांदे, तशीच उंची. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी केळीचा घड खाली ठेवला, हात धुतले आणि मला घरी नेलं. ट्रंक उघडली नाही. मला पाणी दिलं. सुपडूची आई आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही.

मी जे घडलं ते सगळं सांगितलं. खांबाचं माप, वरचं ठोकणं, जिजाबाई. काही लपवलं नाही. नाना खाली बघत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"शेवटी घाबरला व्हता का तो?"

मी आठवून पाहिलं. खोटं सांगायचं नव्हतं.

"नाही, नाना. चिडला होता. शिव्या देत होता त्यांना."

नानांनी मान हलवली. आतल्या खोलीकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, तिला ऐकू जावं म्हणून.

"ऐकलं का वं? घाबरला नाही. शिव्या देत व्हता म्हने. माह्याच पोऱ्या तो."