पडद्यामागे मी एकटीच होते

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही... पण गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या लाखनी गावातल्या घरी जे झालं, ते लिहून टाकते.

मी नवऱ्याची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली. तिची मुलगी माही, सात वर्षांची, मला मावशी म्हणायची. तिची वेणी, तिचा डबा, सगळं मी करायचे. पण झोपताना तिला आईनं शिवलेली कापडी बाहुलीच लागायची. मला त्या गेलेल्या बाईचा हेवा वाटायचा. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं!

सुटीत मी घरीच बाहुल्यांचा खेळ करायचं ठरवलं. मोज्यांना बटणं शिवून राजा-राणी केले, बैठकीच्या दारात पडदा म्हणून साडी बांधली. समोर माही, गल्लीतली पोरं आणि शेजारच्या काकू.

"मावशी, आईची बाहुली राणी कर न," माही म्हणाली.

"ती फाटून जाईल बेटा," म्हणत मी माझीच राणी हातात घातली.

भर दुपार होती. खेळ रंगला, पोरं खिदळत होती. मध्येच मला ठसका लागला. राणी तशीच वर धरून मी दुसऱ्या हातानं पाणी पिऊ लागले — बोलणं बंद. तेवढ्यात साडीपलीकडून माही बोलली.

"मावशीनं विंचरले."

शांतता.

"नाही, आता नाही दुखत."

पुन्हा शांतता... मग अगदी हळू, "हो. कोणाले नाही सांगणार."

मी साडी बाजूला केली. पोरं राणीकडे एकटक बघत होती. काकूंचे डोळे भरले होते.

"हुबेहूब माहीच्या आईचाच आवाज काढला तुमी," काकू म्हणाल्या. "तिले तं तुमी कधी पाहिलंबी नाही. कसं जमलं?"

"मी बोललीच नाही काकू. मी पाणी पिऊन राहिली होती."

काकू पदर सावरत उठून गेल्या.

संध्याकाळी मी माहीला विचारलं, "राणी काय म्हणाली ग?"

"केस कोण विंचरते, दुखते का, असं विचारलं."

"आणि शेवटी?"

"ते नाही सांगत, आई."

आई... पहिल्यांदाच. तेव्हापासून ती मला आईच म्हणते.

मोज्याची राणी बोलली कशी, मला आजही कळलेलं नाही. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, फक्त मी नाही. माहीनं हाक मारली की जीव सुखावतो, आणि लगेच मनात येतं — ही हाक मला माहीनं दिली, की त्या बाईनं?