देवलाच्या आवाजाला हळद

आमच्या वारंगा फाट्यावर अदनानचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान माझ्या बियाणांच्या दुकानाला लागूनच आहे. माणूस गुणी, पण कायम तंद्रीत. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि हा डोळे मिटून कसलंतरी यंत्र कानाशी धरून बसतो. मी म्हणतो, "मिया, दुकान उघडलंस का झोपायला आलास?" तो नुसता हसतो. त्याच्यावर रागावता येत नाही, हीच माझी तकलीफ.

देवला शेजारच्या बंजारा तांड्यावरचा शेतकरी. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज जाणार हे कळलं, तेव्हा अदनाननं त्याला आधी दुकानात बसवून रोजची वाक्यं त्याच्याच बोलीत रेकॉर्ड करून घेतली. जेवलीस का, पाणी दे, बैल सोड. मग पंज्याएवढा, लिनक्स प्रणालीवर चालणारा कॉम्प्युटर, थोडी बटणं आणि एक स्पीकर जोडून सगळं डब्यात बसवलं. बटण दाबलं की देवला बोलतो.

यंदा त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, पुजाचं लग्न निघालं. मांडवातल्या गलक्यात बापाचा आवाज पोचावा म्हणून अदनाननं हळदीच्या आदल्या दिवशी स्पीकरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या पोटातला छोटा प्रोग्राम, नवा टाकून दिला. आवाज खणखणीत झाला. आणि लग्नाच्या सकाळी देवला डबा छातीशी धरून दुकानात आला. डबा मुका झाला होता. उन्हं उतरायच्या वेळी लेकीची पाठवणी होती.

अदनानचा चेहरा पडला. "मीच बिघडवलं. बराबर चालून राहिलं होतं, काहून हात लावला?" तो जुनं फर्मवेअर परत टाकायला बसला. पण टाकणार कशात? जोडलेल्या वस्तूंची नावं स्क्रीनवर येत होती, त्यात स्पीकरचं नावच नव्हतं. स्पीकरचा दिवा मात्र जळत होता. त्यानं कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड बदललं, लिनक्स नव्यानं घातलं. नाव काही येईना. देवला बाकावरून हात लांबवून डब्याचं बटण दाबत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी अदनाननं डोळे मिटले आणि डबा नाकाशी धरला. हळद काढणीच्या त्या दिवसांत फाट्यावर शिजवलेल्या हळदीचा वास इतका भरलेला असतो की आम्हाला तो येतच नाही. हवाच पिवळी वाटते, आणि दुपारचे ट्रक झोपेतून चालत आल्यागत लांबून हळूहळू मोठे होतात. बराच वेळ तो तसाच बसला. मला वाटलं, लागला डोळा. मग तो हळूच म्हणाला, "ह्या हळदीत तेल हाय. बाहेरच्या हळदीत तेल न्हाई."

स्पीकरची वायर उपसली तर भोकात पिवळा लगदा. दिव्याला वीज पोचत होती, पण बोलणं पोचवणाऱ्या बारीक पट्ट्या हळदीनं लिंपल्या होत्या. फर्मवेअरचा काही दोष नव्हता. पुजाला फोन लावला, तर ती म्हणाली, "व्हय, मीच लावली. घरातल्या सगळ्यांना लावली, मग बाच्या आवाजाला कशी न्हाई लावायची?"

स्पिरिट आणि दाताच्या जुन्या ब्रशनं अदनाननं भोक साफ केलं. झाकणावरचे पिवळ्या बोटांचे ठसे मात्र तसेच ठेवले. वायर लावताच स्पीकरचं नाव स्क्रीनवर आलं. देवलानं लगेच बटण दाबलं, आणि दुकानात त्याचाच आवाज पाणी मागू लागला. आम्ही तिघंही हसलो. अदनाननं खरंच पाणी आणून दिलं.

पाठवणीला पुजा बापाच्या गळ्यात पडून त्यांच्या रीतीप्रमाणे रडत रडत गायली. गाणं थांबलं आणि सगळे देवलाकडे बघू लागले. तेव्हा मला आठवलं. पाठवणीचं वाक्य आम्ही रेकॉर्डच केलं नव्हतं. ऑपरेशनच्या धास्तीत लग्न कुणाच्या ध्यानीमनी होतं? अदनाननं माझा हात घट्ट धरला.

देवलाचं बोट बटणांवरून फिरलं आणि शेवटच्या बटणावर थांबलं. पुजा कळमनुरीला कॉलेजला निघायची तेव्हा तो रोज दारातून जे म्हणायचा, तेच तिथं होतं.

"लवकर ये, बाई."

पुजानं डोळे पुसले. रोज द्यायची तेच उत्तर तिनं दिलं, "येते, बा," आणि गाडीत जाऊन बसली.