नव्या मोटारीले दवा कायले?

तार आली तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवत होते. शिपायानं ती दारातूनच हातात दिली. वडील गेले, निघून ये, एवढाच मजकूर. मी वाचली, घडी घालून हजेरीपटात ठेवली आणि तास पूर्ण केला. गृहपाठसुद्धा दिला. मुख्याध्यापिकाबाई नंतर म्हणाल्या, "अहो, तसंच उठून यायचं होतं." मला ते सुचलंच नव्हतं. आता दीड महिना होत आला. नागपूरला जाऊन सगळं उरकून आले, रोज शाळेत जाते, जेवते... पण बधिर झालेला हात आपलाच असून परका वाटतो ना, तसं चाललंय.

माझे वडील धरमपेठेत एका डॉक्टरांकडे मोटार चालवत. आधी गावी बैलगाडी, मग नागपुरात टांगा, मग मोटार. अक्षरओळख नव्हती, आकडे तेवढे यायचे. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच अभिमानातून झालं. निकाल लागला त्या दिवशी बाबा वाटेत दिसेल त्या टांगेवाल्याला थांबवून सांगत घरी आले, म्हणून त्यांना यायला दिवेलागण झाली.

त्याच्या थोडं आधी डॉक्टरांनी नवी मोटार घेतली होती. चार महिन्यांची असेल. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदारानं त्यांच्या गळ्यात एक डबा मारला. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल, इंजिन जन्मभर नवं राहील म्हणे. सोबत गुळगुळीत कागदावर छापलेलं इंग्रजी पत्रक. मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते. डॉक्टर दवाखान्याला निघायच्या घाईत होते. त्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं. "सुमन, तू आता पदवीधर. यात काय लिहिलंय ते गणपतला समजावून सांग."

बाबा मोटार पुसत होते. न थांबता म्हणाले, "नव्या मोटारीले दवा कायले? पहिले पाचशे मैल दमानं चालवली, तेल वेळेवर बदलून राहिलो, पाणी रोज पाहतो. अजून काय पाह्यजे तिले?"

"बाबा, इथं स्पष्ट छापलंय. नव्या इंजिनालाच याची जास्त गरज असते."

"कोणं छापलं?"

"विलायतेत छापलंय."

"विकणाऱ्यानंच छापलं असंन."

डॉक्टर हसले. मला ते माझ्यावरच हसल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नाही ना, मग वाद कशाला घालता?"

बाबांनी फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. मग म्हणाले, "बरं माय. माप सांग."

मी माप वाचून सांगितलं. एका गॅलनला किती, ते दोनदा वाचलं. त्यांनी माझ्यासमोर अगदी थेंब न सांडता मोजून ओतलं. मी कौतुकानं पाहत उभी होते... कौतुक माझ्या वाचण्याचं.

दोनेक महिन्यांनी मोटार निळसर धूर सोडायला लागली आणि एका दुपारी ऐन बर्डीवर बंद पडली. डॉक्टरांना एका बाळंतिणीकडे जायचं होतं. ते टांगा करून गेले. बाबा घरी आले तेव्हा बोटं काळी होती. "प्लगवर काजळी धरली होती. घासली," एवढंच बोलले. मी विचारलं, "त्या तेलानं?" तर म्हणाले, "सोड नं वं. भूक लागली मले."

नोकरी गेली नाही. गेला तो बाबांचा शब्द. इंजिनाचा जरा आवाज बदलला की डॉक्टर बर्डीवरून मिस्त्री बोलवायचे. बाबा आधी सांगायचे, पट्टा सैल झाला आहे. मिस्त्री यायचा, बॉनेट उघडायचा, तेच सांगायचा, आणि मग डॉक्टरांना ते पटायचं. बाबा बाजूला उभे राहून त्याला पाना द्यायचे. एकदा मी पाहिलं, म्हणून सांगते. मोटारीचा आवाज ऐकून आजार सांगणारा माणूस, त्याला कोणी विचारेनासं झालं.

पुढच्या वर्षी मला अमरावतीची नोकरी लागली. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं मला मोटारीतून स्टेशनवर पाठवलं. मागच्या सीटवर मोटारीबरोबर आलेलं पुस्तक पडलं होतं. उगाच चाळत होते. एका पानावर ठळक अक्षरांत होतं, नव्या इंजिनाला पेट्रोलमध्ये काहीही मिसळण्याची गरज नाही. सुरुवातीला दमानं चालवा, तेल वेळेवर बदला, पाणी पाहत जा. बाबांचंच वाक्य, इंग्रजीत. आणि मी चार ओळींचं विकणाऱ्याचं पत्रक वेदासारखं वाचलं होतं. इंग्रजीत छापलेलं खोटं असू शकतं, हे मला तोवर कोणी शिकवलंच नव्हतं.

"काय वाचून राहिली वं?" बाबांनी पुढूनच विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

सहा वर्षं मी ते सांगितलं नाही. सुटीत यायची, बोलू बोलू म्हणायची... बी.ए. झालेल्या मुलीला चुकले म्हणायला जड जातं. बाबांपेक्षाही डॉक्टरांसमोर. ते एक वाक्य त्यांना सांगितलं असतं तर बाबांच्या हातातला पाना परत त्यांचा झाला असता. हे मला कळत होतं. तरी नाही सांगितलं. एका सकाळी चहा घेता घेता बाबांच्या छातीत कळ आली आणि ते गेले, त्यांनी कोणाला वेळच दिला नाही.

तेरावा झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. पुस्तक मागून घेतलं, ते पान काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि सांगितलं, चूक माझी होती. त्यांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं.

"पण गणपत तर म्हणाला होता, पोरीनं बरोबर वाचलं, माप माझंच चुकलं."

"माप चुकलं नव्हतं. मी उभी होते."

डॉक्टरांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "मी त्याला फार लागेल असं बोललो होतो, सुमन." मी हो म्हणाले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

निघताना मोटारीच्या खोलीपाशी गेले. नवा ड्रायव्हर लक्ष्मण आत झाडत होता. म्हणाला, "बाई, तुमच्या बाबानं भितीवर हे काय लिहून ठेवलं? साहेब चुना मारा म्हणतात, माहा हात नाही उठून राहिला." भिंतीवर कोळशानं आकडे होते. पाचशे, पंधराशे, पंचवीसशे... एकाखाली एक, जमिनीपर्यंत, मग शेजारी वरून दुसरी ओळ. सगळे एकाच वळणाचे, प्रत्येक सातचं शेपूट जरा लांब. मोटार किती मैल चालल्यावर तेल बदललं, त्याची ती नोंद. हातातल्या पुस्तकात पाहिलं. पहिलं तेल पाचशे मैलांवर बदला, पुढं दर हजाराला. सात वर्षांत एक हजारही चुकला नव्हता. शेवटचा आकडा होता एकेचाळीस हजार पाचशे.

लक्ष्मणनं झाडू भिंतीला टेकवला. "बाई, पुस्तकात पाहून सांगता का, आता तेल कधी बदलू?"

पुस्तक उघडंच होतं माझ्या हातात. मी भिंतीवरचं वाचून सांगितलं.