तिसऱ्या पुस्तकाची जागा

सर कोणतेही पुस्तक मागून उघडत. मुखपृष्ठाकडे त्यांचे लक्षच नसे. अंगठा थेट शेवटच्या विषयसूचीवर जाई. "पुढून सगळीच पुस्तकं नवरदेव दिसतात, बाई. संसाराला कशी, ते मागं कळतं," असे ते म्हणत.

सोनईच्या शाळेत ते संगणक शिकवीत आणि मी इतिहास. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयातली पुस्तके संगणकावर नोंदवावीत, म्हणून मी भीतभीतच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू लागले. नगरहून एक जाडजूड ग्रंथ आणला. सरांनी तो हातावर तोलला. "उशाला घेतलाय का?"

त्यांच्या मते अशा भाषेला तीनच पुस्तके पुरतात : एक शिकवणारे, एक शब्दकोशासारखे हाताशी राहणारे आणि एक, आपण अडतो नेमके तिथे बोट धरणारे. पहिली दोन त्यांनी निवडून दिली. तिसऱ्याला मात्र हात लावला नाही. "ते तुमचं तुम्हीच. तुमचं अडणं मला काय ठावं?"

मी अडले होते लेखकांची नावे मराठी वर्णक्रमाने लावताना. एखादे पान उमजले नाही की मी खालमानेने म्हणे, "वय झालं माझं." त्यावर सर चिडत. "चूक तुमची न्हाई, पुस्तकाची. न्हाई कळलं म्हणायला लाजता कशाला?"

पुढे सर आजारी पडले आणि त्यांना नगरच्या रुग्णालयात हलवले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ते असेतो तिसरे पुस्तक निवडून दाखवावे, एवढाच ध्यास मला लागला. एक नावाजलेले पुस्तक घेऊन गेले. त्यांना ते धरवेना. "मागून उघडा," ते पुटपुटले. सूचीतून माझा विषय काढून मी ते पान वाचून दाखवले.

"कळलं का, बाई?"

होकार अगदी ओठांवर आला होता. पण त्या डोळ्यांपुढे तो देववेना.

"नाही कळलं, सर."

केवढे हसले ते! "मंग हे न्हाई. दुसरं बघा."

दुसऱ्या दिवशी दुकानात उभ्या उभ्याच एका वेगळ्या पुस्तकात माझ्या विषयाचे पान सापडले आणि लख्ख उमगले. धावतच रुग्णालय गाठले, तेव्हा खाटेवरची चादर बदलून झाली होती.

बाहेर बाकावर सरांच्या पत्नी बसल्या होत्या. माझ्या हातातले पुस्तक पाहून म्हणाल्या, "सकाळी इचारत हुते, बाईंना कळलं का म्हणून."

मी त्यांच्याजवळ बसले आणि पुस्तक मागून उघडले.