पिकल्या रानातलं गाईड

आमच्या औरादकडे बियाणं घ्यायची एक रीत आहे. दुकानातलं पाकीट लोक हातात घेतात, उलटंपालटं करून बघतात, आणि शेवटी ज्याच्या रानात गेल्या साली तूर चांगली आली त्याच्याकडून बी आणतात. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर तेच केलं. आणताना ते तीन प्रश्न विचारतात. रान कुणाचं, साल कोणतं, उतारा किती पडला. समोरचा उत्तर देताना चाचरला की अप्पा रिकामं पोतं झटकून काखेत मारतात आणि चालू लागतात. मी माझं गाईड याच रीतीनं निवडलं. प्रश्न तेवढे विचारायचे राहिले.

तेव्हा मी बिदरच्या एका कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर होते. लॅबमधली मशीन जोडायची, भिंतीवरून केबल ओढायची आणि नेट बंद पडलं की सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, असं काम. प्राचार्यांनी एक दिवस बोलावून सांगितलं की सुट्टीनंतर कॉलेज उघडायच्या आत नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आणलं तर जागा कायम करू, नाहीतर जाहिरात द्यावी लागेल. मला ती जागा हवी होती ती पगारापेक्षा बससाठी. सकाळी औरादहून निघायचं, संध्याकाळी घरी. आई गेल्यापासून घरात अप्पा आणि मी दोघंच होतो. माझ्याबरोबरचे सगळे हैदराबादला नाहीतर पुण्याला गेले. मला जायचं नव्हतं.

बिदरच्या दुकानात दोन गाईडं होती. एक जाडजूड, नवंकोरं, परीक्षा घेणाऱ्या कंपनीनंच काढलेलं. दुसरं बारीक, नुसती प्रश्नोत्तरं. जाडं पुस्तक मी तीन वेळा उघडून तीन वेळा ठेवलं. दुकानदार म्हणाला, "अक्का, ये सब देखते, लेते कोई नै." मी पण नुसतं बघून आले.

घरी अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "नवं कामून घ्यायलीस? मावशीच्या पोरानं हीच परीक्षा दिली की. पास होऊन हैदराबादला लागला. पिकल्या रानातलं बी घ्यावं बाई."

मावशी आमच्या बिदरकडच्याच मेहकरला असते. तिच्या पोरानं परीक्षा पास केली तेव्हा तिनं गावभर पेढे वाटले होते, आमच्याकडेही पुडा आला होता. आम्ही दोघं रविवारी गेलो. मावशीनं कपाटातून पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि देवाचा प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी दिलं. पहिलं पान फाटलेलं होतं. घरात लहान मुलं आहेत, फाडलं असेल, असं मला वाटलं. बियाणं घेताना माणसाला सळो की पळो करून सोडणारे अप्पा तिथं चहा पीत गप्प बसले होते. पुस्तकाला कुठं साल असतं, असं त्यांना वाटलं असणार. मला तरी कुठं वेगळं वाटलं?

मी पुस्तकाच्या प्रेमातच पडले, हे कबूल करायला हरकत नाही. मजकूर इंग्रजी, पण समासात पेन्सिलीनं मराठी. मावसभाऊ माझ्यासारखाच मराठी शाळेत शिकलेला. नेटवर्कचे तुकडे करून पत्ते वाटायचे, याला सबनेट म्हणतात, आणि ते गणित मला कॉलेजापासून छळत होतं. त्या पानावर त्यानं लिहिलं होतं, "भावाभावांत रान वाटायचं. प्रत्येक वाट्याचं नांगराचं पहिलं आणि शेवटचं तास बांधाचं. ते कुणालाच द्यायचं नाही." म्हणजे प्रत्येक तुकड्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता कुठल्याच मशीनला द्यायचा नाही. पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं इतकं सरळ. मी त्याला फोन करून आभार मानले. तो म्हणाला, "व्हय, व्हय, नोट्स बघ," आणि कामात आहे म्हणून फोन ठेवला.

मी बसमध्ये वाचलं, लॅबमध्ये वाचलं, चुलीवर भाकरी टाकून वाचलं. समासातली अक्षरं मला माणसाच्या आवाजासारखी ऐकू यायला लागली. कॉलेजातल्या एका बाईंनी एकदा विचारलंसुद्धा, "हा अभ्यासक्रम चालू आहे ना अजून?" मी म्हटलं, माझा भाऊ यावरच पास झालाय. जाणकाराच्या आवाजात म्हटलं. अभ्यासक्रम संगणकावर दोन मिनिटांत बघता आला असता. दुसऱ्यांचे संगणक मी दिवसभर दुरुस्त करत होते.

परीक्षा हैदराबादला झाली. पहिले काही प्रश्न ओळखीचे आले, वाटणीचं गणितही आलं. मग एकापाठोपाठ एक असे प्रश्न यायला लागले की त्यातले शब्दच मी वाचलेले नव्हते. निकाल तिथंच पडद्यावर येतो. नापास. बाहेर येऊन मी रस्त्याकडेला उभं राहून उसाचा रस प्याले, आणि मग मला राग आला, तो मात्र भरपूर आला.

मावसभावाला तिथूनच फोन लावला. म्हटलं, अण्णा, निम्मा पेपर तुझ्या पुस्तकात नव्हताच.

तो म्हणाला, "त्या पुस्तकावर मी बी नापासच झालतो. अभ्यासक्रम बदलला होता. मग नवीन घेतलं, त्यावर पास झालो. ते हितंच हाय माझ्याजवळ."

"मग मला सांगितलं कामून न्हाईस?"

"पहिल्या पानावर लिहिलं होतं मी. आईनं फाडलं. पेढे वाटलेल्या घरात तसलं पान कशाला, म्हणाली." मग म्हणाला, "तू फोन केलीस तवाच सांगायचं होतं. तोंड उघडलं न्हाई."

मला त्याला खूप बोलायचं होतं. बोलले नाही, आणि त्यात मोठेपणा काही नव्हता. कारण घरी पोचल्यावर अप्पांनी विचारलं तेव्हा मीही म्हणाले, निकाल यायचाय. आठ दिवस तेच म्हणत होते. नवव्या दिवशी सांगितलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "पुस्तक कवाचं होतं?"

नवीन गाईड घेतलं, तेच जाडजूड. दुसऱ्या वेळेला पास झाले, पण तोवर कॉलेज उघडून गेलं होतं आणि जागा भरली होती. गंमत अशी की त्या जागेवर आलेला माणूस कलबुर्गीचा, आणि मला काम मिळालं ते कलबुर्गीत. आठवडाभर तिकडे, शनिवारी औराद. अप्पा स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या थापतात, आणि त्या जाड होतात, असं ते स्वतःच सांगतात. मी हसते. रविवारी परतीच्या बसमध्ये मात्र हसू येत नाही.

परवा मन्नाएखेळ्ळीहून अप्पांच्या ओळखीच्या एकाचा फोन आला. त्यांची सून हीच परीक्षा देणार आहे. तुमच्या पोरीचं पुस्तक द्या, ती पास झाली ना. शनिवारी मी आले तर अप्पांनी दोन्ही पुस्तकं काढून ठेवली होती, पुसून. म्हणाले, "दोन्ही दे. त्या जुन्यात वाटणीचं पान हाय म्हणालतीस."

खरं होतं. नव्या पुस्तकात ते गणित कुठंच इतकं सरळ नाही. मी वहीचा एक कागद कापला, फाटक्या पानाच्या जागी डिंकानं चिकटवला आणि पेनानं लिहिलं, "या पुस्तकावर मी नापास झाले. वाटणीचं पान तेवढं वाचावं. बाकी अभ्यास नव्यातून, तोही अभ्यासक्रम तपासून."

अप्पांनी चष्मा लावून वाचलं. "साल टाक," म्हणाले.

मी साल टाकलं. पुस्तक मिटायला गेले, तर अप्पांचा हात पानावरच होता.

"रान कुणाचं?"

मग मी खाली माझं नाव लिहिलं.